रस्त्याच्या पोटातलं पाणी

नागपूरच्या एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी कामाला लागले, तेव्हा आईला माझं काम समजावता समजावता नाकी नऊ यायचे. लोक रस्ता वरून बघतात, आम्ही खालून बघतो, असं सांगितलं की ती विचारायची, मग वरचे खड्डे कोण बघतं?

त्या एप्रिलात आम्ही नरखेड तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे वयानं मोठे सहकारी, त्यांना मी काका म्हणते. गावात शिरणारा रस्ता दरवर्षी एकाच जागी खचायचा. वरून डांबर टाकलं की पावसाळ्यापर्यंत टिकायचं, मग पुन्हा तेच. आम्ही अर्धा रस्ता वाहतुकीला मोकळा ठेवून उरलेल्या अर्ध्यात कमरेइतका खड्डा खोदला. वर डांबर, मग खडी, खाली काळी माती. ती माती मी मुठीत दाबली तर तिचा लाडू झाला. डोक्यावर ऊन रणरणत होतं, आजूबाजूच्या शेतांना भेगा पडल्या होत्या, आणि रस्त्याखाली मात्र ओल. काकांनी हातोड्यानं टोकदार सळई ठोकायला घेतली, तर ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

एवढ्यात फेटा बांधलेले एक गृहस्थ मोटरसायकलवर आले. शेजारचा संत्र्याचा बगीचा त्यांचा, आणि त्या दिवशी गावात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. खड्डा बघून ते मटकन खाली बसले.

"म्याडम, वरात येऊन राहिली न्. आजच काहून खोदलं तुम्ही?"

मी म्हटलं, अर्धा रस्ता मोकळा आहे, गाडी आरामात जाईल. तसे ते जरा सावरले. या रस्त्याची तक्रार दरवर्षी आपणच करतो, हेही त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

वरात आली. पुढे डीजेची जड गाडी, मागे नाचणारी मंडळी. मी खड्ड्यात उतरून भिंतीला चिकटून उभी होते. गाडीचं चाक माझ्या कमरेच्या पातळीवरून गेलं, आणि त्याच क्षणी समोरच्या खडीच्या थरातून पिचकन पाणी बाहेर आलं. गाडी पुढे सरकली, पाणी थांबलं. मागून दुसरी गाडी आली, पुन्हा पाणी. ओल्या फडक्यावर पाय द्यावा तसं. मी काकांना हाका मारत होते, पण त्या गाण्यापुढे माझा आवाज कुठला ऐकू येणार! शेवटी हात हलवून हलवून बोलावलं, तर वरातीतल्या दोन बायकांना वाटलं मी नाचतेय. त्या मला हात देऊन वर ओढायला लागल्या.

वरात पुढे गेल्यावर मी मुलीच्या वडिलांना खड्ड्याशी नेलं. इथे नळ नाही, नाला नाही, मग पाणी कुठलं, असं विचारलं. ते रस्त्याच्या एका बाजूच्या आपल्या विहिरीकडे बघायला लागले, मग दुसऱ्या बाजूच्या बगीच्याकडे. पाइप रस्त्याखालूनच गेला होता.

"हे तं माह्यंच पाणी आहे," ते हळूच म्हणाले. "अन् बोंब मीच मारून राहिलो."

मग तेच पोट धरून हसायला लागले, आणि आम्हालाही हसू आवरेना. त्यांनी गडी पाठवून मोटर बंद करवली आणि आम्हा दोघांना मांडवात नेलं. मातीनं माखलेल्या कपड्यांत मी पंगतीला बसले. व्याह्यांशी माझी ओळख त्यांनी 'रस्त्याच्या डॉक्टरीणबाई' अशी करून दिली.

दुसऱ्या दिवशी पाइप उघडला, तर त्याचा सांधा सुटलेला होता. त्यांनी नवा पाइप टाकला, तोही लोखंडी नळीत घालून. आमच्या अहवालाप्रमाणे पुढे तिथली काळी माती काढून मुरूम भरला गेला, कडेला नाली झाली. आज तिथून एसटी जाते आणि आत बसलेल्या माणसाला काही कळतही नाही. आईला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, जेवायला काय होतं?