हँडलच्या वर चार बोटं

या ग्रुपवर मी चार वर्षं आहे, आणि खरं सांगायचं तर तुमची टिंगल करायलाच आहे. कुणाच्या माळ्यावर पैंजण वाजलं की खाली "उंदीर असेल" असं लिहिणारा तो मीच. कुणाला आमराईत पांढरी आकृती दिसली तेव्हा "नंबर तपासून घ्या, चष्म्याचा" हेही माझंच. तर आता तुमची पाळी. पोटभर हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा... गेले पंधरा दिवस हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये.

मी हैदराबादचा. आमचं घराणं मूळचं उदगीरकडचं, पण तीन पिढ्या चिक्कडपल्लीतच गेल्या. तिथंच माझं वर्कशॉप आहे. काम एकच, डबल ग्लेझिंग, म्हणजे दुहेरी काचेच्या खिडक्या-दारं दुरुस्त करायची. दार खाली घासतंय, हँडल फिरत नाही, रबर आकसून वारा शिट्ट्या मारतोय, पाणी जायची भोकं धुळीनं बुजून पाऊस घरात येतोय... आणि सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे, "आतून पुसली, बाहेरून पुसली, तरी काच धुरकटच."

ती पुसली जाणारच नाही. दोन काचा, मध्ये बोटभर हवा, चारही बाजूंनी सील. मधल्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. आपल्याकडच्या उन्हानं सील चिरलं की दमट हवा आत शिरते, दाणे दमतात आणि बाष्प दोन काचांच्या मध्ये अडकून बसतं. तिथं कुणाचंही बोट पोचत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिमायतनगरला मेन रोडवर, तिसऱ्या मजल्यावर वसंतकाका एकटे राहतात. वय ऐंशीच्या घरात. जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले, त्यामुळे माणूस मापातच बोलतो. फोन आला तो त्यांच्या मुलीचा, मेधाचा. ती गच्चीबोलीला असते. म्हणाली, "हॉलची खिडकी पार धुरकट झालीय. बाबा दिवसभर तिच्यासमोर बसतात आणि बदलू देत नाहीत. मागच्या दोघांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. तुम्ही मराठी आहात, जरा समजावून बघा ना."

गेलो. खिडकीची अवस्था वाईट होती, सकाळचे अकरा वाजले होते तरी रस्ता दिसत नव्हता. आणि खोलीकडच्या काचेवर, हँडलच्या वर, एक टिकली चिकटवलेली. मरून, मखमली, एका बाजूनं कड दुमडलेली.

"हँडलच्या वर चार बोटं," काका म्हणाले. "बघून घ्या. ती हलायला नक्को."

आपल्या घरांत बायका टिकली काढून आरशाला लावतात. काकांची बायको, नलूकाकू, खिडकीला लावायच्या, कारण उजेड तिथं. काच खराब होते म्हणून काका रोज कटकट करायचे, आणि काकू रोज तिथंच लावायच्या. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी काकूंना हॉस्पिटलला न्यायचं होतं. तिथं सगळं काढायला सांगतात म्हणून त्यांनी टिकली घरीच काढली, घाईत तिची कड दुमडली. काचेला लावून म्हणाल्या, "इथंच राहू द्या, आले की लावते." त्या परत आल्याच नाहीत.

"पोरगी म्हणते खिडकी बदला," काका म्हणाले. "मला बाहेरचं काही बघायचं नाही, दिलीपराव. मला फक्त ही पाहिजे."

इथं माझ्यातला कारागीर पुढे सरसावला. म्हटलं, "काका, काढायला गेलो तर ती फाटेल. तिचा गोंद केव्हाच मेलाय. मी काय करतो, जुनी काच वर्कशॉपला नेतो आणि टिकलीसकट तळहाताएवढा तुकडा कापून देतो. फ्रेम करा, देवघरात ठेवा. टिकलीला हातसुद्धा लागणार नाही." काकांनी स्वतः मोजपट्टी घेऊन हँडलपासूनचं अंतर मोजलं, कागदावर लिहिलं आणि हौ म्हणाले. मला इतका आनंद झाला की जिन्यानं उतरताना मी शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुनं युनिट, म्हणजे ती दोन काचांची जोडी, काढलं, फ्रेमला तात्पुरती प्लायवूडची फळी लावली आणि ते टेम्पोतून गादीवर आडवं ठेवून वर्कशॉपला आणलं. बरोबर माझा मदतनीस यादगिरी होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, काचकामात मुरलेला माणूस. सील कापून दोन्ही काचा सोडवल्या. टिकलीची काच टेबलावर घेतली. टिकली जागेवर होती.

आता माझी अक्कल बघा. काच कापायच्या आधी ती पुसायची, हा आमच्या कामाचा पहिला धडा. धुळीचा एक कण असला तरी कटरचं चाक उडतं आणि काच वेडीवाकडी तुटते. पंचवीस वर्षं माझा हात हेच करत आलाय. स्पिरिटचा फवारा, कागद, वरून खाली एक हात, खालून वर दुसरा. मी यादगिरीशी बोलत होतो आणि हात आपलं काम करत होता. कटर उचलला, काचेकडे बघितलं... काच लख्ख होती.

 कागद उलगडला, त्यात टिकली नाही. टेबलाखाली नाही. आम्ही दोघांनी भर दुपारी काचेच्या तुकड्यांची तिन्ही पिंपं जमिनीवर ओतली आणि एकेक तुकडा उलटून बघितला. यादगिरीच्या बोटातून रक्त आलं तरी तो थांबेना. शेवटी मीच त्याला उठवलं. तो म्हणाला, "मैं तो हात भी नै लगाया साब. आपीच पोछे." आणि मग, माझं तोंड बघून असेल, हळूच म्हणाला, "बुढ्ढे कू क्या बोलते अब?"

मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. घरी गेलो आणि बायकोच्या ड्रॉवरमधून मरून टिकल्यांचं पाकीट काढलं. त्यातली एक घेऊन तिची कड नखानं दुमडली. ती चहात बुडवून वाळवली, जुनी दिसावी म्हणून. दरोडेखोरही इतकी तयारी करत नसतील.

नवीन युनिट मात्र मी जीव ओतून बनवलं, पापाची भरपाई म्हणून समजा. हे नीट वाचा, कारण शंका तुम्ही इथंच काढणार आहात. मी नवे हातमोजे घातले. दोन्ही नव्या काचांच्या आतल्या बाजू तीनदा पुसल्या, ट्यूबलाइटखाली तिरक्या धरून यादगिरीनं तपासल्या, मग मी तपासल्या. आत एक केस राहिला तरी तो कायमचा राहतो, म्हणून आम्ही यात काही सोडत नाही. पट्टी बसवली, सील केलं, वाळायला ठेवलं. वाळल्यावर हिमायतनगरला नेऊन बसवलं आणि माझी ती खोटी टिकली खोलीकडच्या बाजूला, हँडलच्या वर चार बोटं, चिकटवून दिली.

काकांना सांगितलं, "नशीब बघा काका, अलगद निघाली. काच कापायची गरजच पडली नाही." ते खिडकीजवळ गेले, बराच वेळ टिकलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चहा घेणार ना?" मी चहा घेतला. 

नियमाप्रमाणे मी फोटो काढला. प्रत्येक युनिटचा काढतो, उन्हात, समोरून आणि तिरका, पुढे वॉरंटीची भानगड नको म्हणून. फोटो माझ्याकडे आहेत. त्यात एक टिकली आहे, माझी. बाकी काच स्वच्छ आहे.

सहाव्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका तरणा वाटत होता. "दिलीपराव, असाल तसे या."

मी स्कूटरवर, यादगिरी मागे. नारायणगुड्याच्या सिग्नलला मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. दार उघडंच होतं. काकांनी माझा हात धरला आणि मला खिडकीशी नेलं. ऊन थेट काचेवर येत होतं.

टिकल्या दोन होत्या. अगदी शेजारी शेजारी.

"ही तुमची," काका म्हणाले. "त्या दिवशीच कळलं मला. कड उलट्या बाजूनं दुमडलीत तुम्ही. तुमचा चेहरा इतका उतरला होता की मला काही बोलवेना."

माझे कान तापले. पण लाजायलासुद्धा वेळ नव्हता, कारण माझं लक्ष दुसऱ्या टिकलीकडे होतं. फिकी मरून, मखमल विरळ झालेली, कड बरोबर बाजूनं दुमडलेली. मी नख लावलं. माझ्या टिकलीच्या कडेला नख अडकलं. मग तसंच पुढं सरकवलं... आणि ते सरकतच गेलं. गुळगुळीत. टिकली नखाखाली दिसत होती आणि नखाला लागत नव्हती. मी गॅलरीत गेलो, हात वळवून बाहेरून नख फिरवलं. तिथंही गुळगुळीत. यादगिरीनं फिरवलं. त्यानं हात जोडले आणि मागे सरकला.

ती मध्ये होती. मी स्वतः सील केलेल्या दोन काचांच्या मध्ये.

पुढचा तास मी वेड्यासारखा तपासत होतो, आणि तुम्ही जे जे लिहिणार आहात ते सगळं तेव्हाच करून झालंय. हातमोज्याला चिकटून आत गेली असेल? हातमोजे नवे होते, आणि मग फोटोत का नाही? कुठं कडेला लपून मागाहून सरकली असेल? सरकली तर खाली पट्टीवर पडेल, चढून हँडलच्या वर येणार नाही. मेलेल्या गोंदानं चिकटणारही नाही. काकांनी काच काढून घातली असेल? त्यांना चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. फ्रेमच्या पट्ट्या मी बसवल्या तशा होत्या आणि सीलला ओरखडासुद्धा नव्हता. काकांची जुनी मोजपट्टी घेऊन मी हँडलपासून अंतर मोजलं. त्यांच्या कागदावरचाच आकडा आला.

घाबरलो का? नाही. मला नाचावंसं वाटत होतं. तो माणूस खुर्चीत बसून हसत होता, आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा तो हिमायतनगरचा रस्ता बघत होता. सगळा स्वच्छ, आणि त्याच्यावर ती एवढीशी टिकली. माझी टिकली मी नखानं काढून खिशात टाकली.

मग काकांचं हसू एकदम थांबलं. माझ्या हातात तपासणीचं कार्ड होतं. सवयीनं काढलेलं, तो हात पुन्हा आपलं काम करत होता. त्या कार्डामागे मीच छापून घेतलंय की दोन काचांच्या मध्ये कुठलीही वस्तू आढळल्यास युनिट सदोष समजून बदलून दिलं जाईल. नकाशे वाचणारा माणूस, त्यानं ते वाचलं होतं.

"बदलावं लागेल का हो आता?" त्यांनी विचारलं. आवाज पुन्हा म्हातारा झाला होता.

मी खाली बसलो आणि त्यांच्यासमोर कार्ड भरलं. तक्रार: नाही. दोष: नाही. खाली सही केली, यादगिरीचीही घेतली. काकांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

त्या कार्डाची प्रत माझ्या फाइलमध्ये आहे. पंचवीस वर्षांची कार्डं आहेत तिथं, आणि प्रत्येकावर "कारण" या रकान्यात मी काही ना काही लिहिलंय. ऊन, पाणी, जुनं रबर, खराब सील. या एकावर तो रकाना कोरा आहे. तुमच्यापैकी कुणाला तिथं काय लिहायचं ते सुचलं तर सांगा. फक्त "उंदीर" लिहू नका.