चिठ्ठीवर दुसरीचं नाव

आमच्या विद्यापीठाच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला होता. विषय — 'नव्या विद्यार्थिनींना चार शब्द'. मी लिहून दिला आणि तो परत आला. "टोन फार निगेटिव्ह आहे" म्हणे. असू दे. तोच इथे टाकतेय. फक्त त्यात जे लिहायची हिंमत झाली नव्हती तेही लिहितेय. या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसत-हसत वाचलेत, हे आधीच कबूल करते.

कारण माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी गाव. वडील मोटारपंप दुरुस्त करतात. गावात कुणाच्या अंगात आलं की ते हातातला पाना खाली न ठेवता म्हणायचे, "त्येला आदी जेवाय घाला, मग बगू कोण आलंय." अशा घरात भुताखेतांना काय थारा मिळणार?

विद्यापीठाचं नाव घेत नाही. जुळे सोलापूरच्या पुढे, कॅथलिक सिस्टरांचं. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा बोलायचा अधिकार मला आहे असं समजते.

तर नव्या मुलींनो... बादल्या दोन आणा, एक पुरत नाही, पाणी रोज येत नाही. मेसच्या भाजीवर भरवसा ठेवू नका, घरून शेंगाचटणी आणा आणि तिचा डबा कुलपात ठेवा. चॅपलला यायची सक्ती नाही असं सांगतील. खरंच नाही. पण कोण येत नाही ते सगळ्यांच्या बरोबर लक्षात असतं. पहिल्या दिवशी हॉलमध्ये सांगतील, "इथे तुम्ही सगळ्या एका कुटुंबातल्या." कुटुंबात एकमेकींचं काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि मग येईल एंजलची पेटी.

ही इथली जुनी पद्धत. पहिल्या रविवारी प्रत्येक नव्या मुलीने आपलं नाव चिठ्ठीवर लिहून एका लाकडी पेटीत टाकायचं. सीनियर मुली एकेक चिठ्ठी उचलतात. जिच्या हाती तुमचं नाव येईल ती तुमची 'एंजल', म्हणजे देवदूत. तिने कळू न देता तुमची काळजी घ्यायची. तुमच्यासाठी प्रार्थना करायची, उशीखाली चॉकलेट ठेवायचं, चिठ्ठीतून चार सल्ले द्यायचे. देवदूतांच्या सणाला सगळ्या एंजल उभ्या राहून आपापलं नाव सांगतात, मग मिठ्या, फोटो, केक.

मला हे ऐकूनच तिडीक आली. मला देवदूत नको होता. पण पेटीत चिठ्ठी न टाकणारीला वॉर्डन सिस्टर सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारतात, आणि पहिल्याच आठवड्यात मला तो तमाशा नको होता. म्हणून मी एक शहाणपणा केला. माझ्या आणि रूममेटच्या सामाईक लोखंडी कपाटाच्या दाराला आतून कुणीतरी टोकदार वस्तूने नाव कोरलं होतं — सुनंदा. असेल कुणी जुनी मुलगी. मी चिठ्ठीवर ते नाव लिहिलं. म्हटलं, शोधत बसू दे देवदूताला.

हे फक्त एकीला माहीत होतं. माझी रूममेट अक्षता. अक्कलकोट तालुक्यातली, घरी कन्नड बोलायची. कपाळावर विभूती लावून ती खुशाल चॅपलमध्ये जाऊन बसायची आणि कुणी टक लावून बघितलं तर हसायची. चिठ्ठी लिहिताना तिने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"तू कुठली गं सुनंदा? खरं नाव लिही की. देवदूत चुकतंय ना मग."

"चुकू दे."

"लई खडूस आहेस बघ तू," ती म्हणाली आणि तिच्या आईने दिलेली कडक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

अक्षता कशी होती हे तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं. आम्हा दोघींची गाठ आणखी एका गोष्टीने बांधलेली होती. माझे वडील मला सोडायला आले तेव्हा गेटवरच म्हणाले होते, "सिस्टरांचं हाय म्हणून ठेवतोय. हितनं एक जरी फोन आला तर शाळा बंद, सामान बांदायचं." तिच्या मामाने तिला कन्नडमध्ये अगदी हेच बजावलं होतं. ती वाक्यं आम्ही एकमेकींना नक्कल करून दाखवायचो आणि पोट धरून हसायचो.

पेटीत चिठ्ठी टाकल्यावर चौथ्या दिवशी दुपारी लेक्चरहून आले, कपाटाचं कुलूप काढलं, तर घडी घातलेल्या चादरीवर वहीच्या पानाची पट्टी. पेन्सिलने, छापल्यासारख्या सुट्या अक्षरांत — 'सुनंदा, उद्या पाणी येणार नाही. आजच भरून ठेव.'

दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही.

मी अक्षताकडे बघितलं. तिने गळ्याला हात लावून आईची शपथ घेतली. मला वाटलं, ही कुणा सीनियरला सामील आहे. गंमत चालू असेल, चालू दे. पुढची चिठ्ठी पुस्तकात मिळाली — 'सुनंदा, स्टॅटिस्टिक्सच्या तासाला पहिल्या बाकावर बसू नकोस.' मी मुद्दाम बसले. सरांनी पहिल्या दहा मिनिटांत मला वर्गाबाहेर काढलं. का, ते मला आजही कळलेलं नाही.

इथवर ठीक होतं. तिसरी चिठ्ठी दोरीवरून काढलेल्या, उन्हात वाळून कडकडीत झालेल्या कुर्त्याच्या खिशात निघाली. ओला कुर्ता मीच पिळून वाळत घातला होता. कागद मात्र कोराकरकरीत.

'सुनंदा, तू अजून इथेच?'

ते वाचून मी घाबरले नाही, मी भडकले. जेवताना सीनियर मुलींच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले आणि विचारलं, कुणाकडे आहे सुनंदा? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "अगं, सांगायचं नसतं." दुसरी हळूच म्हणाली, "या नावाची कोणी नवीन आहे का?" मला त्यांच्या चेहऱ्यांचा राग आला. आता वाटतं, त्या खरंच बुचकळ्यात पडल्या होत्या.

चौथ्या चिठ्ठीचं नंतर सांगते.

पाचवी मेसमध्ये निघाली. मी चटणीचा डबा कुलपातून काढून सरळ मेसमध्ये नेला, मेस आणि साफसफाई बघणाऱ्या मावशींसमोर झाकण उघडलं. चटणीवर पट्टी. 'ही खाट तुझी नाही. एका खोलीत दोघी मावत नाहीत.' मावशींनी ती वाचली आणि माझ्या हातातून काढून घेतली. "आता गं बया! ह्ये सिस्टरला दावाय पायजे. उद्या जेवणात काय टाकलं म्हंजी?"

तासाभरात अक्षता आणि मी वॉर्डन सिस्टरांच्या ऑफिसात. मी आधीच्या चिठ्ठ्याही टेबलावर ठेवल्या आणि पेटीत ते नाव मीच टाकल्याचं सांगितलं. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नाहीत, तेच वाईट असतं.

"हे रॅगिंग आहे," त्या म्हणाल्या. "किंवा तू स्वतःच लिहिते आहेस, लक्ष वेधायला. मुली करतात असं. कपाटाच्या चाव्या तुम्हा दोघींकडेच असतात. काहीही असलं तरी मला एका घरी फोन करावा लागेल. कोणाच्या, ते मला आज ठरवायचंय. पहिली चिठ्ठी आली तेव्हा, सुनंदा हे नाव तू टाकलंस हे आणखी कोणाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "फक्त अक्षताला."

हे खोटं नव्हतं.

अक्षता रडली नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "प्रज्ञा, मी नाही गं लिहिलं. तुला माहिताय की." मी सिस्टरांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मामा मोटारसायकल घेऊन आला. ट्रंक मागे बांधली, मध्ये उशी, आणि तिला कसंबसं बसवून नेलं. ती निघताना मी लायब्ररीत होते. मुद्दाम.

त्यानंतर चिठ्ठ्या थांबल्या. सिस्टर मला म्हणाल्या, "बघ, मिटलं." मीही स्वतःला तेच सांगितलं. तीन आठवडे नीट जेवले, नीट झोपले. खोटं कशाला बोलू.

मग देवदूतांचा सण आला. हॉलमध्ये एकेक सीनियर उठून नाव सांगत होती, मिठ्या चालल्या होत्या. सगळ्या संपल्या. माझं, म्हणजे सुनंदाचं, नाव कुणीच घेतलं नाही. नव्या मुली एकीने जास्त होत्या, त्यामुळे एक चिठ्ठी उरणारच होती. उरलेलीची एंजल सिस्टर स्वतः होतात, ती त्यांची पद्धत. त्यांनी पेटी आणली, सगळ्यांसमोर कुलूप काढलं. तळाशी एकच चिठ्ठी होती. मी घातलेल्या चार घड्यांसकट, तशीच. उघडून त्यांनी वाचली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

म्हणजे ते नाव कुणीच उचललं नव्हतं. चिठ्ठ्या लिहिणारी एंजल नव्हतीच.

दुपारी मी मावशींना विचारलं, इथे पूर्वी कुणी सुनंदा होती का?

"पूर्वी कसलं? ह्यो मजला तुमी यायच्या आदी औंदाच चढिवला. पैली बॅच तुमचीच की ह्या मजल्याव. कपाटं आली तवा प्लास्टिक म्याच काढलं, आतनं फडकं मारलं. काय लिव्हलेलं नव्हतं बग."

मी त्यांना हाताला धरून खोलीत नेलं. कपाट उघडलं. नाव होतं. मावशींनी त्यावरून बोट फिरवलं, बोट पदराला पुसलं आणि सरळ खाली गेल्या. चादरीवर पट्टी होती.

'सुनंदा, आता जागा झाली.'

मी सगळे तर्क करून पाहिलेत. मास्टर चावी सिस्टरांकडे असते. पण सिस्टर माझ्या चटणीत चिठ्ठ्या कशाला घालतील? मावशी विसरल्या असतील; मग पाण्याचं, सरांचं आधी कुणाला कळलं? मीच झोपेत लिहीत असेन, हाही एक करून पाहिला. महिनाभर पेन्सिल शेजारच्या खोलीत ठेवली, पण तोवर चिठ्ठ्या यायच्याच बंद झाल्या होत्या, त्यामुळे त्यातून काही सिद्ध झालं नाही. उलगडा अजून नाही. पुढच्या सत्रात मी खोली बदलली. त्या खोलीत आता स्टोअर आहे.

आता चौथी चिठ्ठी.

सिस्टरांच्या ऑफिसात जायच्या चार दिवस आधी अक्षता दोन दिवस गावी गेली होती, यात्रेला. जाताना हरवेल म्हणून तिची चावी मला देऊन गेली. दोन्ही चाव्या माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेल्या. ती तिथे जेवायला बसल्याचा फोटो मला पाठवत होती, आणि त्याच वेळी मी कपाट उघडत होते. आत पट्टी होती.

'सुनंदा, तू जातेस की तिला घालवू?'

म्हणजे सिस्टरांसमोर उभी होते तेव्हाच मला पक्कं माहीत होतं की हे अक्षताचं काम नाही. ही एक चिठ्ठी दाखवली असती तर तिच्यावरचा आळ तिथेच संपला असता. आणि मग फोन आमच्या घरी गेला असता. मी टेबलावर चार ठेवल्या. ही एक ओढणीच्या टोकाला चाव्यांशेजारी बांधलेली, तशीच राहू दिली. जे कोणी लिहीत होतं त्याने मला विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं. पुढे अक्षताचं कॉलेज सुटलं, एवढंच तिच्या गावच्या एका मुलीकडून कळलं. माझा नंबर तिने ब्लॉक केलाय, बरोबरच केलं.

नव्या मुलींनो, माझा सल्ला एकच. पेटीत स्वतःचं नाव टाका. देवदूत मानत असाल तरी आणि नसाल तरी.

आणि अक्षता, ही लिंक तुझ्या गावच्या त्या मुलीला पाठवतेय, ती तुला देईल. तू नाही लिहिलंस. मला माहीत होतं. चौथी चिठ्ठी आणि तुझा तो जेवतानाचा फोटो, त्यावरच्या वेळेसकट, माझ्याकडे आहे. उद्या सकाळी आधी सिस्टरांच्या टेबलावर ठेवते. मग अक्कलकोटची गाडी धरून तुझ्या मामाला दाखवायला येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.