भाऊजींच्या आतड्याची फाइल

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, वजनकाटे तपासणारे निरीक्षक. दुकानात खोटं गिऱ्हाईक पाठवायचं, दुकानदाराने किलोला नऊशे पन्नास ग्रॅम दिले की मागून जाऊन त्याची मानगूट धरायची, ही त्यांची कामाची रीत. आपण सोडून सगळं जग चोर, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

त्यात पोटाचं दुखणं लागलं. कधी धावाधाव, कधी तीन-तीन दिवस ठणठणाट. डॉक्टर म्हणाले, आयबीएस आहे, आतडं चिडकं आहे, जिवाला धोका नाही. आतडं तरी दुसरं कसं असणार म्हणा! पण ‘धोका नाही’ हे ऐकून एवढा हिरमुसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ, त्यामुळे दर दोन महिन्यांनी त्यांची नळी माझ्याच टेबलावर. बी-ट्वेल्व्ह ठीक. शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी ठीक. व्हिटॅमिन डी जरासं कमी, ते तर माझंही आहे. तेवढ्या डीवर भाऊजींनी घर डोक्यावर घेतलं. उन्हात खुर्ची, बिनतिखटाचा वेगळा स्वयंपाक, संडासाबाहेर कुणी बोलायचं नाही, आणि कपाटात रिपोर्टांची फाइल, लग्नाच्या अल्बमहून जाड.

ताई मात्र जिना चढताना दोनदा बसायची. ओठ पांढरे फटक.

"ताई, तुझं रक्त दे गं एकदा," मी किती वेळा म्हटलं!

"त्यांचं काय ते निदान लागू दे, मग माझं बघू."

आणि भाऊजी म्हणायचे, "तिला काय धाड भरलीय? चाळिशी उलटली की बायका दमतातच." वा रे वैद्य!

गेल्या मंगळवारी त्यांच्या नावाची नळी आली, आमच्या लॅबच्या बाईंनी घरी जाऊन घेतलेली. हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ. पुरुषाला तेरा तरी हवं. पुन्हा मशीनला लावलं, तेच. बी-ट्वेल्व्ह, लोह, सगळं तळाला. असा आकडा आला की रिपोर्ट छापायची वाट न बघता फोन करायचा, हा आमचा नियम. मी फोन लावला. इतकी वर्षं मी हसले, आणि माणूस खरंच आजारी होता की काय?

"भाऊजी, ताबडतोब ॲडमिट व्हा."

पलीकडे खो-खो हसणं. "सापडलात! अगं, ते माझं रक्तच नाही. दर वेळी नॉर्मल, नॉर्मल. म्हटलं बघू तरी, तपासता की नुसते कागद रंगवता. तुझ्या ताईला बसवलं खुर्चीत. तुमच्या बाईंना सांगितलं, विमा माझ्या नावावर आहे, नाव माझंच लिहा. खोटं गिऱ्हाईक! आणि तुम्ही धडधाकट बाईला ॲडमिट करायला निघालात!"

"भाऊजी, मी दोनदा तपासलंय. ताई कुठेय?"

"आत पडलीय जरा. सकाळी घेरी आली म्हणे." मग आवाज एकदम गंभीर. "थांब. म्हणजे तुमचं मशीन बरोबर आहे? मग माझं डी खरंच कमी आहे की गं!"

एकवीस वर्षं त्यांना अहो-जाहो केलं होतं मी.

"गाडी काढ, मेल्या," मी ओरडले. "आधी तिला दवाखान्यात ने!"