जर्मनला राख लावू नये

गावात मला 'मोटारवाली' म्हणत, कारण माझा नवरा बीडच्या एका देशमुखांची मोटार चालवायचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! त्या मोटारीत मी जन्मात बसले नाही. हे बीडला मालकांच्या दारात, नाहीतर मालकांबरोबर हैदराबादेत, आणि मी दिंद्रुडला दोन खणांच्या घरात. पोरबाळ झालं नाही. भिंतीपलीकडे थोरली जाऊ राहायची. आमचं पटायचं नाही, पण भांडायला तरी कुणीतरी होतं. ती माहेरी गेली की चार-चार दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नसे.

आमच्याकडची काळी जमीन. आखाडात रस्त्यांचा असा गारा व्हायचा की बैलगाडी रुतायची, तिथं मोटारीची काय कथा. मग ती मालकांच्या पागेत उभी राहायची आणि हे घरी यायचे. पण रजा माझ्या नावानं मिळत नसे. मोटारीचे सुटे होणारे पांढरे भाग, म्हणजे चाकांवरच्या चार थाळ्या, इंजिनावरचं झाकण, पायरीच्या पट्ट्या, हे पोत्यात बांधून आणायचे. ते घासून लखलखीत करायचे आणि झाले की निघायचं, असा मालकांचा हुकूम. म्हणजे थाळ्या चमकेपर्यंतच नवरा माझा.

पहिल्या वर्षी मला काय ठाऊक? हे ओढ्यावर आंघोळीला गेले तेव्हा मी एक थाळी ओढली आणि चुलीतली राख ओली करून तिला फासली. घरचा पितळी तांब्या मी असाच झळझळीत ठेवायची. म्हटलं, आल्याबरोबर यांना दाखवावं. तासाभरानं पुसून बघते तर थाळी काळीठिक्कर! मला रडूच फुटलं. हे आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, राख कावून लावलीस? ह्ये पितळ न्हाई, जर्मन हाय. राखंनं काळं पडतंय ह्ये."

अॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणतात. मग त्यांनी मला शिकवलं. आधी चिंचेच्या पाण्यानं धुवायचं. मग रांगोळीची वस्त्रगाळ पूड घासलेटात कालवून जुन्या धोतराच्या फडक्यानं घासत राहायचं, जोर न लावता. धातू पांढरा होत जायचा आणि आपले हात काळे. पोत्यावर समोरासमोर बसून आम्ही घासायचो. हे मुलखाचे मुके. "इंजिनाशी तरी बोलता का हो?" असं मी डिवचायची, तर नुसते हसायचे. पण समोर माणूस असायचं. एवढंच मला पुरायचं, खरं सांगते.

त्या काळ्या थाळीपायी यांना एक दिवस जास्तीचा राहावं लागलं, हे मी ध्यानात ठेवलं होतं. दरवर्षी शेवटची थाळी उजळू लागली की माझा हात जड व्हायचा आणि डोळा चुलीकडे जायचा. चिमूटभर राख लागली असती. पण मालक यांना बोलतील, या भीतीनं मी कधी लावली नाही. आणि हे म्हणायचे, "उरक की लवकर." तेव्हा असा राग यायचा! वाटायचं, याला जाण्याचीच घाई आहे. मी काय, ही चूल काय, सारखंच.

मग एका वर्षी सगळं घासून झाल्यावर हे म्हणाले, "मालक नवी मोटार घेणार हायेत. तिला ह्ये असलं काय न्हाई. नुसतं पुसलं की झालं." मी थाळ्या पोत्यात भरत होते, तशीच भरत राहिले. पुढच्या आखाडापासून हे येणार नाहीत, हे दोघांनाही कळलं होतं.

सकाळी मी पाणी घेऊन आले. दोन भाकरी फडक्यात बांधून ठेवलेल्या होत्या. हे उठून निघालेले असतील असं धरूनच चालले होते. तर हे चुलीपुढं बसलेले. मांडीवर एक थाळी, आणि तिच्यावर ओली राख लिंपलेली, काठापासून काठापर्यंत.

"अवं, ह्ये काय करताय?"

त्यांनी वर बघितलं नाही. "डाग ऱ्हायलाय जरा," म्हणाले. "आज काय जाणं होत न्हाई."

मी घागर उतरवली आणि चिंच भिजत घातली. दिवसभर आम्ही ती एकच थाळी घासली.

दुसऱ्या दिवशी हे गेले. नवी मोटार आली. मग दिवाळीला पाहुण्यासारखे दोन दिवस येत राहिले, आणि पुढं बीडलाच तापानं गेले.

आता माझ्या घरातही जर्मनची दोन पातेली आहेत. जावेची सून अधूनमधून ओरडते, "अवं काकी, त्याला राख कावून लावताय? काळं पडतंय की!"

पडू दे. मग मी चिंच भिजत घालते, पोतं अंथरते आणि एका कडेला सरकून बसते. घासता घासता एक दिवस जातो.