थोरल्या भावाचा काळा बिल्ला

थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवरून कुसगावला परतला, तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. एका जखमी जर्मन कैद्याला त्याने पाणी पाजले, पट्टी बांधली. त्या कैद्याने छातीवरचा काळा बिल्ला काढून भावाच्या हातावर ठेवला. पारावर लोक म्हणत, "देहूरोडच्या भंगारात घेतला आसशील, लेका." भाऊ नुसता हसे. मी लोणावळ्याला शाळामास्तर. मीही कधी 'दाखव' म्हटले नाही.

तो तापाने गेला. दिवस घालायला आलेल्यांतही कुणीतरी तेच बोलले, आणि ते मला फार लागले. बिल्ला त्याच्या लोखंडी पेटीत असेल, पण ती उघडायला हात धजेना.

मग खरा बिल्ला कसा ओळखायचा ते शिकायला सुट्टीला मी देहूरोड गाठू लागलो. शिपायांनी विकलेल्या वस्तू तिथल्या एका भंगारवाल्याकडे पोत्याने येत. त्यात जखमी जर्मन सैनिकांना मिळणारे बिल्लेही असत: पानांच्या कड्यात स्वस्तिक असलेले शिरस्त्राण आणि दोन तलवारी.

"मास्तर, तोंड बघून भुलू नका. आधी पालथा करा," भंगारवाला म्हणाला.

एकदोन जखमांना काळा, तीनचारला रुपेरी, पाच किंवा त्याहून जास्तीला सोनेरी. काळा पातळ पत्र्याचा, वरून रंग दिलेला, मागून पोकळ. बाकीचे भरीव, जड. वर्षभरात मी तीन जमवले. रात्रंदिवस तेच डोक्यात. अखेर धीर करून वहिनींकडे भावाचा बिल्ला मागितला.

त्यांनी तो देव्हाऱ्यातून आणला. कुंकू लावलेला, पिवळाधमक.

सोनेरी. म्हणजे निदान पाच जखमा. भाऊ तर काळा म्हणत होता.

"वहिनी, हा देवांत कसा?"

"त्येच्यावर स्वस्तिक न्हाई का? म्हनलं, देवाचंच आसंल. देव उजळताना ह्येलाबी चिंच लावून घासती. आनला तवा तव्याच्या बुडावानी हुता, भावजी. तुमच्या भावाला कशाची निगा म्हाईत?"

मी बिल्ला पालथा केला. मागून पोकळ होता. पातळ पितळी पत्रा. दारात उजेडाला धरला, तर टाचणीच्या मुळाशी, जिथे चिंच लावलेले बोट पोचत नाही तिथे, काळा रंग जसाच्या तसा होता. मी उंबऱ्यावरच बसलो.

"खोटा हाय व्हय?" वहिनींनी हळूच विचारले.

"खरा आहे. दादा म्हणाला तस्साच. पण वहिनी, हे चिन्ह देवाचं नाही. त्या जर्मनांच्या लढाईचं आहे."

त्यांनी पदराने कुंकू पुसले. "मंग ह्येंच्या पेटीत ठिवू."

त्या दिवशी आम्ही दोघांनी पेटी उघडली. घडी घातलेल्या खाकी सदऱ्यावर मी बिल्ला पालथाच ठेवला, आणि आता कधी घासू नका म्हणून त्यांना दोनदा बजावले.