मनकर्णाची विलायतेतली शाळा

मनकर्णाचं माहेर हट्टा गावाच्या पुढं, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. सातवीनंतर बापानं तिला शाळेतून काढलं. भांडण नाही, रडारड नाही. एका सोमवारी ती शाळेला गेली नाही, एवढंच. तेव्हापासून तिला एक सवय लागली. डोळा लागायच्या आधी ती एका शाळेत जायची. ती शाळा तिनं कुठं पाहिलेली नव्हती. मोठाल्या खिडक्या, लांबलचक व्हरांडा, आणि काम आहे म्हणून हाक मारून घरी बोलावणारं कुणी नाही.

लग्न होऊन ती वारंगा फाट्याजवळ सासरी आली, तिला मुलगी झाली, राजनंदिनी, तरी सवय सुटली नाही. पोळी तव्यावर टाकून ती तिकडं निघून जायची. पोळी करपली की नवरा विचारायचा, "कुठं गेलतीस?"

"कुठं न्हाई," ती म्हणायची.

नवरा, बालाजी, मोठा हळदवाला. शेतं चांगली, शिवाय फाट्याजवळची जमीन रस्त्यात गेली त्याचा मोबदला बँकेत पडून होता. माणूस शांत. पैसा आला म्हणून त्याची चाल बदलली नाही. फाट्यावरच्या हॉटेलात खिचडी खाताना तो अजून ड्रायव्हर लोकांच्या बाकावरच बसायचा.

राजनंदिनी सहावीत होती त्या दिवाळीत बालाजीचा शाळेतला सोबती स्वानंद भेटायला आला. हिंगोलीच्या वकिलांचा हा मुलगा, विलायतेत डॉक्टर. त्याची मुलगी गुंजन तिथल्या एका जुन्या, नामांकित निवासी शाळेत शिकत होती. फराळ करता करता त्यानं मोबाइलवर शाळा दाखवली. धुक्यातून वर येणारी दगडी इमारत, हिरवळ, तळं, उंच खिडक्यांमागे पुस्तकांच्या रांगा.

मनकर्णानं चकलीचं ताट खाली ठेवलं. फोन हातात घेतला तो बराच वेळ परत दिला नाही. ही शाळा ती ओळखत होती.

"आपल्या नंदीला घेतील का हो भाऊजी, असल्या शाळेत?" तिनं विचारलं.

"परीक्षा द्यावी लागते. हुशार आहे ती, देईल," स्वानंद म्हणाला. "पण वहिनी, खर्च फार आहे."

खर्च ऐकून बालाजीनं फराळाचा घास तसाच हातात धरला. रस्त्याचा सगळा पैसा तिथल्या पाच-सहा वर्षांत संपला असता. तरी तो नाही म्हणाला नाही.

हिवाळाभर घरात त्या शाळेचंच बोलणं. राजनंदिनीनं परीक्षा दिली, पासही झाली. हळद शिजायला लागली तशी मनकर्णा वाफेत उभी राहायची आणि गड्यांनी दोनदा हाका मारल्या तरी तिला ऐकू जायचं नाही. पिवळसर वाफेच्या पलीकडं तिला तो व्हरांडा दिसायचा. त्यावरून निळ्या कोटातली एक मुलगी चाललेली असायची, पाठमोरी.

"एवढ्या पैशात इथं काय न्हाई व्हत?" बालाजीनं एकदा विचारलं. "नांदेड हाय, पुणं हाय."

"तिथं जे हाय ते इथं न्हाई."

"म्हंजी काय ते सांग ना बराबर."

तिला सांगता येईना. त्यानं मान हलवली. "तू म्हणशील तसं. पण पोरगं काय हळदीचं बेणं न्हाई, पुरलं अन् उगवलं. मी आधी बघणार."

म्हणून मे महिन्यात तिघं विलायतेला गेली. स्वानंद त्यांना गाडीतून शाळेला घेऊन गेला. वाटेत झाडांखाली निळी फुलं अशी पसरली होती, की जंगलात पाणी साचल्यासारखं वाटावं. मनकर्णा काचेला कपाळ लावून बसली. आपण जागे आहोत की नाही याची तिला खात्री नव्हती, आणि खात्री करून घ्यायची घाईही नव्हती.

गुंजननं सगळी शाळा फिरवून दाखवली. शाळा चांगलीच होती; त्यात कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. एका खोलीत एक मुलगी एकटीच व्हायोलिन वाजवत होती. तळ्यावर मुली होड्या वल्हवत होत्या. एका शिक्षकानं राजनंदिनीला गणित घातलं, तिनं ते वेगळ्याच रीतीनं सोडवलं, तर तो खुर्चीवरून उठून फळ्याजवळ आला आणि पुन्हा समजावून सांग म्हणाला. बालाजीला भाषा कळली नाही, पण ते उठणं कळलं. त्याचे डोळे भरून आले.

वरच्या मजल्यावर मुलींच्या झोपायच्या खोल्या होत्या.

"दुखलं-खुपलं तर कुणाला सांगतीस गं?" मनकर्णानं गुंजनला विचारलं.

गुंजन मराठी शब्द जुळवत म्हणाली, "इथं एक बाई आहेत, त्या फार चांगल्या आहेत, काकू. पहिल्या वर्षी मी रोज सांगायचे. आता मला काही होत नाही."

ती हसून बोलली. खरंच सुखात होती पोर. निघताना मैत्रिणींनी हाक मारली तशी तिनं वडिलांचा हात हातात घेऊन नीट निरोप घेतला, पाहुण्याचा घ्यावा तसा, आणि पळत गेली. स्वानंद गाडीशी किल्ली हातात धरून उभा राहिला.

"शाळेत काही खोट नाही, वहिनी," तो म्हणाला. "फक्त आता मी तिच्या सुट्ट्या सांभाळतो. बाकीचं त्यांच्याकडं."

"पस्तावा होतो का?"

"नाही. पण रोज विचार येतो."

मनकर्णा म्हणाली, मला ती खोली एकदा परत बघायचीय. राजनंदिनी तिच्याबरोबर वर गेली. खिडकीजवळचा एक पलंग रिकामा होता. मनकर्णा त्यावर टेकली. नऊवारीचा घोळ सावरून तिनं पाय वर घेतले, भिंतीला पाठ लावली. बाहेर संध्याकाळ झाली होती म्हणे, पण ऊन जायलाच तयार नव्हतं. दिवस मावळायचं विसरून गेला होता. खालून कुणाचं तरी हसणं, मग घंटा. कुणी तिला बोलावलं नाही. तिचे डोळे मिटले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. डोळे उघडले तेव्हा राजनंदिनी समोरच्या पलंगावर बसून तिच्याकडं बघत होती.

"आई, तुला इथं ऱ्हायचंय ना?"

मनकर्णानं पाय खाली सोडले. मग ती म्हणाली, "व्हय."

"मला बी आवडलं. तळं आवडलं, ते सर आवडले. पण तू जशी बघून राहिलीस तसं न्हाई मला वाटत." पोरगी आईजवळ येऊन बसली. "मी आले अस्ते. तुला वाटतंय म्हणून आले अस्ते."

मनकर्णानं तिच्या केसांवरून हात फिरवला. पहिल्यांदाच तिला दिसलं, की इतके दिवस त्या व्हरांड्यातून चालणाऱ्या निळ्या कोटातल्या मुलीचं तोंड तिनं कधी बघितलंच नव्हतं. ते राजनंदिनीचं नव्हतं. वाईट वाटलं नाही. कुणीतरी जुनी ओळखीची बाई भेटून निघून जावी, तसं झालं.

खाली येऊन ती बालाजीला म्हणाली, "आत्ता न्हाई पाठवायचं. मोठी झाल्यावर तिच्या मनात आलं, तर तिचं ती येईल. पैसे तवर राहू द्या तिच्या नावावर."

"आन् तुझं?"

"माझं काय?"

"तू झोपलीस व्हय वर? मी खालून खिडकीत पाह्यलं." बालाजी हसला नाही. "मला इतक्या दिवसांत कळलं न्हाई, तू कुठं जाती ते."

राजनंदिनी आपल्या हिंगोलीच्या शाळेतच शिकत राहिली. गुंजनशी तिची मैत्री जमली. दोघी फोनवर एकमेकींना गणितं घालतात. लोक विचारतात, विलायतेहून रिकाम्या हातानं काहून आलात? बालाजी सांगतो, बघून आलो.

दुसऱ्या वर्षी त्यानं मनकर्णाचं नाव बाहेरून दहावीला बसायला घातलं. तिला न विचारता. ती आठ दिवस त्याच्याशी धड बोलली नाही, नवव्या दिवशी उजळणीसाठी राजनंदिनीची जुनी पुस्तकं मागून घेतली. पुढच्या मार्चमध्ये ती कळमनुरीच्या केंद्रावर, पोरासोरांच्या रांगेत, इंग्रजीच्या पेपरला जाऊन बसली. हळदीचा ऐन हंगाम. सगळं काम गड्यांवर टाकून बालाजी फाटकाबाहेर, दुसऱ्या आईबापांच्या घोळक्यात, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन तीन तास उभा होता.

"कोण हाय तुमचं आत?" शेजारच्यानं विचारलं.

"बायको," बालाजी म्हणाला, आणि उन्हाला तळहाताचा आडोसा करून वरच्या खिडक्यांकडं बघत राहिला.