नकाशाबाहेरची झाडी

कविताचा फोन आला तेव्हा मी कचेरीत एका बाईंचा उत्पन्नाचा दाखला छापत होतो. "सलीमभाऊ, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या पाठीमागे बायकांचं रडणं ऐकू आलं. मी दाखला छापला, बाईंना शिक्क्यासाठी पुढच्या टेबलाकडे पाठवलं आणि नुसता बसून राहिलो. डोंगरापलीकडच्या कोलामपोडाचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीचे, नाईक, कविताचे वडील देवराव टेकाम, गेले होते. पोडावर पोचायला मोटारसायकलने तासभर लागतो. मी गेलो नाही. सगळ्यांना कामाचं कारण सांगितलं, पण खरं म्हणजे मला त्या पोडाचीच भीती वाटत होती. लोक माझ्याकडे बघतील आणि काहीच बोलणार नाहीत, याची भीती... आज सहा आठवडे झाले. कुठेतरी सांगायला हवं म्हणून लिहितो आहे.

मी मूळचा पुसदचा. वडिलांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. मला हात काळे करायचे नव्हते म्हणून कंप्युटर शिकलो आणि तालुक्याच्या एका कचेरीत कंत्राटी ऑपरेटर झालो. वनहक्काचे दावे भरायचं काम माझ्याकडे आलं. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखलं, त्या गावाच्या हाती ते जंगल कायद्याने द्यायचं, अशी ती गोष्ट. पण त्यासाठी जंगलाची हद्द पायी चालावी लागे. हातातलं जीपीएसचं यंत्र दर काही पावलांनी एक ठिपका नोंदवी, ठिपके जोडले की हद्द तयार. मला या कामाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं, आणि मला वाटत होतं की मला सगळं येतं.

त्या वर्षी पोडावरचा कापूस बोंडअळीने खाल्ला होता. आदल्या वर्षी पावसाने. शेती नावापुरती उरली होती, चूल पेटायची ती तेंदूपत्ता, मोहफुलं आणि बांबूवर. म्हणून जंगल हातात येणं ही त्या लोकांसाठी फार मोठी गोष्ट होती. हद्द चालायला नाईकबाबा स्वतः पुढे होते. सत्तरीला आलेला माणूस, पण मी धापा टाकायचो आणि हे वळून माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघून हसायचे. "भाऊ, हे बूट लगनात घालाचे व्हय ना जी?" दुपारी एका ठिकाणी ते थांबले. पुढे दाट झाडी होती, भर उन्हाळ्यात काळीशार. आत त्यांच्या देवाचं ठाणं. तिथे वर्षातून एकदा पूजेला जायचं, तेही अनवाणी, आणि लोखंड म्हणून काही आत न्यायचं नाही. कुऱ्हाडी बाहेरच्या दगडावर ठेवायच्या. आमची हद्द मात्र झाडीच्या पलीकडच्या कडेने जात होती, आणि त्या कडेला पाझर तलावाचं पाणी पार झाडांच्या बुडाशी आलेलं, म्हणजे चालायचं तर आतूनच. नाईकबाबांनी माझ्या हातातल्या यंत्राकडे बोट दाखवलं. "हेही लोखंडच ना? अल्याडून वळसा घेतला तं चालते का?"

"चालते की बाबा," मी म्हणालो. "मी कंप्युटरवर नीट करून घेतो."

हा शब्द मी किती सहज दिला! परत येऊन बघतो तर रेघ हाताने सरकवायची सोयच नव्हती. पावलांनी नोंदवलेले ठिपके तेवढे खरे. वळशामुळे अख्खी देवाची झाडी हद्दीबाहेर पडली होती. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची आढावा बैठक, वरून सारखे फोन. पुन्हा पोडावर जावं, चूक सांगावी, पुन्हा चालावं, एवढा वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेवढी हिंमतही नव्हती. देवाच्या झाडीला कोण हात लावणार, अशी मनाची समजूत घातली आणि बटण दाबलं.

पुढची काही वर्षं खरोखर चांगली गेली. हक्काचं प्रमाणपत्र नकाशासकट आलं, पोडाने ते दोन्ही काच लावून समाजमंदिरात टांगलं. बांबूच्या वाहतुकीचा परवाना ऑनलाइन मिळू लागला, कविता तो फोनवर काढायची. वणवा दिसला की बायका पाला घेऊन धावायच्या, कारण जंगल आता आपलं होतं. नाईकबाबा महिन्यातून एकदा तरी कचेरीत येत. सर्व्हर बंद असला की बाकावर बसून मला चिडवत, "तुमचा सर्वर अन् आमचा देव, दोघंबी बोलावल्यावर येत नाहीत." मी हसायचो, आणि देवाचा विषय निघाला की कीबोर्डकडे वळायचो. इतक्या वेळा संधी आली, मी एकदाही तोंड उघडलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्या झाडीतल्या सागांवर वनखात्याचे तोडीचे आकडे पडले. आकडे टाकणाऱ्यांचंही खोटं नव्हतं, त्यांच्या स्क्रीनवर ती झाडी पोडाच्या हद्दीबाहेरच होती. नाईकबाबा भिंतीवरचा नकाशा काचेसकट काढून, फडक्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. टेबलावर ठेवला आणि विचारलं, "भाऊ, आमचा देव याच्यात काहून नाही?"

मी सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते नकाशावरच्या वळशावर बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे मीच त्याले बाहेर ठेवलं." नाही बाबा, बटण मी दाबलं, असं मी चार वेळा म्हणालो. त्यांनी ऐकलंच नाही.

खूप खेटे घातल्यावर तोड थांबली, पण तात्पुरती. दुरुस्तीचा अर्ज करा, सुटलेली हद्द पुन्हा चाला, असं उत्तर मिळालं. आता यंत्राच्या जागी दर काही सेकंदांनी ठिपका टाकणारं फोनवरचं ॲप आलं होतं आणि ते पोडाच्या वनहक्क समितीच्या अध्यक्षाचा चेहरा ओळखल्याशिवाय सुरूच होत नसे. अध्यक्ष नाईकबाबाच. म्हणजे फोन घेऊन आत गेले तर देवाची मर्यादा मोडणार, आणि न गेले तर देवाची झाडीच जाणार. मी म्हणालो, "बाबा, बाहेर चेहरा दाखवा अन् फोन माझ्याकडे द्या. मी जातो." त्यांनी मान हलवली. "देव आमचा, हद्द आमची, अन् दोष तुमच्या अंगावर कायले? नाही भाऊ. थे बरं नाही."

पोडावर वर्षभर बैठका झाल्या. कोणी जा म्हणे, कोणी नको म्हणे. शेवटी माघातल्या एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. झाडीबाहेरच्या दगडावर त्यांनी वहाणा ठेवल्या, पागोटं ठेवलं, फोन नव्या कोऱ्या पांढऱ्या फडक्यात धरला आणि एकटेच आत गेले. कविता आणि मी बाहेर उभे होतो. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पागोटं उचलून कविताच्या चुलत्याच्या घराकडे चालू लागले. तिथे ते त्याच्या डोक्यावर ठेवलं. ज्याने मर्यादा मोडली त्याला पूजेत उभं राहता येत नाही, मग तो नाईक कसा राहील? त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. त्या वर्षीच्या पूजेला सगळं पोड आत गेलं आणि ते बाहेरच्या दगडापाशी बसून राहिले.

इकडे अर्ज चढवायचं सरकारी संकेतस्थळ बंद. 'लवकरच नव्या स्वरूपात' अशी पाटी दोन महिने हटली नाही. अर्ज फोनमध्ये अडकलेला. मध्येच नाईकबाबांना कावीळ झाली. दवाखान्यात भेटायला गेलो तर डोळे हळदीसारखे पिवळे, आणि पहिला प्रश्न, "गेला का अर्ज?" मी म्हणालो, "करून राह्यलो बाबा." पोडावर कुजबुज होती की देव कोपला. डॉक्टर म्हणाले पाणी खराब होतं. मी डॉक्टरांचं खरं मानतो... दिवसा तरी मानतो.

ते गेल्यानंतर पंधरा दिवसांनी संकेतस्थळ उघडलं आणि कविता तो फोन घेऊन आली. बापाच्या दिवसांना मी आलो नाही याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ठिपके कंप्युटरवर चढवले. पाण्याच्या कडेने गेलेली रेघ उमटली, झाडी आत आली. पण खाली लाल अक्षरात त्रुटी दिसली. एका जागी एकाहून जास्त ठिपके आहेत, ते काढल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही. मी नकाशा मोठा केला. रेघेच्या मधोमध ठिपक्यांचा दाट पुंजका होता.

"इथं काय हाय?" मी विचारलं.

"देवाचं ठाणं," कविता म्हणाली. मग तिच्याही लक्षात आलं. बाबा तिथे उभे राहिले होते, किती वेळ कोण जाणे, आणि फोन त्यांचं उभं राहणं टिपत राहिला होता. काय बोलले असतील? माफी मागितली असेल? की समजावलं असेल, की बाबा रे, तुझ्यासाठीच आलो... मला रडू आवरेना. कवितानेच पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "काढा भाऊ. झाडी ऱ्हायली पाह्यजे."

एकेक ठिपका निवडायचा, आणि प्रत्येक वेळी कंप्युटर विचारायचा, नक्की काढायचा का? मी 'हो' दाबत गेलो. नियमाने एका जागी एक ठिपका चालतो. तेवढा ठेवला.

अर्ज गेला. मंजुरी आलेली नाही, आणि तोडीवरची स्थगिती पावसाळ्यापर्यंतच आहे. रोज सकाळी कचेरीत आलो की मी आधी तोच अर्ज उघडतो. 'प्रलंबित' असं दिसतं. मग नकाशा मोठा करत करत त्या एका ठिपक्यापर्यंत जातो. नाईकबाबा आत उभे आहेत. सरकारी नकाशात झाडी अजून बाहेरच आहे.